गौरम्मांचा हुंकार

"मॅडम, तुमचं ते फोन करणारं मशीन आधी बंद करा," रामोजीराव फोनवर म्हणाले. "पेशंट इथे बसून रडतेय, नोडी, बघा!"

रामोजीराव म्हैसूरमधल्या एका सोनोग्राफी सेंटरचे मॅनेजर. पेशंट म्हणजे सरगूरच्या गौरम्मा. पोटदुखीने हैराण, पहाटेची बस धरून आलेल्या. पण इडली खाऊन. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी यावं लागतं. त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं होतं.

आदल्या दिवशी त्यांना सूचनांचा फोन केला होता आमच्या व्हॉइस असिस्टंटने. तो कन्नडमध्ये अगदी माणसासारखा बोलतो. त्याची लेटन्सी, म्हणजे समोरच्याचं बोलणं संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ, आम्ही इतकी खाली आणली होती की ऑफिसात सगळ्यांची कॉलर ताठ होती.

"सांगितलं असणार गं," माझा सहकारी निखिल म्हणाला. "बाई विसरल्या."

मला रागच आला. पेशंट विसरला, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त उत्तर. म्हटलं, "रेकॉर्डिंग लाव."

"उद्या तुमची सोनोग्राफी आहे..." असिस्टंट म्हणाला. गौरम्मा म्हणाल्या, "हां." असिस्टंट गप्प. पुढचं ऐकायचं म्हणून त्याही गप्प. मग तो म्हणाला, "सांगा, काय मदत करू?" त्या गोंधळल्या. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा "हां". दोन-तीनदा असं झाल्यावर बिचारीने "आयतु, बरं, येते" म्हणून फोन ठेवला. उपाशी राहायचं वाक्य शेवटी होतं. तिथवर गाडी गेलीच नाही.

घोळ बार्ज-इनचा होता. माणूस मध्ये बोलला की मशीनने ताबडतोब थांबायचं, याला बार्ज-इन म्हणतात. पण गौरम्मा मध्ये बोलत नव्हत्या, हुंकार देत होत्या. इकडे फोनवर हुंकार दिला नाही, तर माणूस "हॅलो, हॅलो" करायला लागतो.

आम्ही त्याच दिवशी दोन बदल केले. नुसत्या हुंकाराला थांबायचं नाही. आणि उपाशी राहायचं सगळ्यात आधी सांगायचं. गौरम्मा त्या रात्री म्हैसूरमध्येच भाचीकडे थांबणार होत्या.

"मशीन नको. मीच सांगतो त्यांना," रामोजीराव म्हणाले.

"तुम्ही सांगाच. पण त्यालाही एकदा फोन करू द्या."

"पुन्हा असं झालं तर मशीन परत न्या. अष्टे, एवढंच."

संध्याकाळी तो फोन मी जीव मुठीत धरून ऐकला. गौरम्मांनी वाक्यावाक्याला "हां" म्हटलं. असिस्टंट शेवटपर्यंत बोलला. दुसऱ्या दिवशी त्या उपाशीपोटी आल्या, सोनोग्राफी झाली, पित्ताशयात खडे निघाले. निदान दुखण्याचं कारण तरी कळलं. मशीनही राहिलं.

सेंटरला देण्याआधी आम्ही आठवडेच्या आठवडे एकमेकांना फोन लावून चाचण्या घेतल्या होत्या. त्यांत हा घोळ एकदाही दिसला नाही. दिसणार कसा? आमच्या ऑफिसात कोणी कोणाचं इतकं मन लावून ऐकतच नाही.