डुकरांच्या वाटेवरचे गोळे

आमच्या डोळखांबकडच्या पाड्यात शिकारी म्हणजे कोणी परके नव्हते. माझा थोरला भाऊच त्यांचा म्होरक्या. त्यांच्याकडे ठासणीच्या बंदुका होत्या, पण अलीकडे सगळा भर गोळ्यांवर असायचा. कणकेच्या गोळ्यात स्फोटाची दारू भरून तो गोळा डुकरांच्या वाटेवर पाल्याखाली ठेवायचा. डुकराने चावला की फुटतो. हातातोंडाशी आलेली नाचणी डुकरं लोळवून टाकतात, त्यामुळे याला पाड्यात कोणी वाईट म्हणत नसे.

मग असा एक गोळा आमच्या गाभण गायीने चावला.

ती आपल्या पायांनी घरी आली. खालचा जबडा उरला नव्हता. अंगणात रोजच्या जागी उभी राहिली. मी बादली पुढे धरली, पण तिला पिता येईना. गुरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तेव्हा तिच्या पोटावर माझा हात होता. ती गेली तरी आतलं वासरू थोडा वेळ हलत होतं.

मी दादाकडे गेले. तो खाली मान घालून बसला होता. माझी कालवड घेऊन जा, म्हणाला. मला कालवड नको होती. आज गायीने गोळा चावला, उद्या मोहाची फुलं वेचताना एखाद्या बाईचा पाय पडेल, असं मी त्याला सांगितलं.

"मी एकट्यानं सोडून काय व्हनार गो? बाकीचे ठेवतीलच."

म्हणून मी बाकीच्यांच्याही दारात गेले. कोणी हसले, कोणी उठून आत गेले. एकाने विचारलं, मग नाचणी राखायला शेतातल्या माळ्यावर तू बसशील का? बसेन म्हटलं, आणि बसले. माझ्या सोबतीला पहिली आली ती वहिनी, दादाची बायको. मग इतर बायका आल्या. पाळ्या लावून आम्ही पत्र्याचे डबे वाजवत राहिलो. त्या हंगामात नाचणी बरीचशी वाचली, तेव्हा कुठे ती माणसं दादाच्या अंगणात जमली आणि कबूल झाली. यापुढे गोळे ठेवायचे नाहीत, ठेवलेले उचलायचे.

ते उचलायला पोलिसांना बोलवू, असं मी सुचवलं. पण बंदुका बिनपरवान्याच्या, सगळे आत जातील, म्हणून कोणी तयार होईना.

दादा म्हणाला, "जागा मला म्हाईत हायेत. मीच उचलतो. दुसऱ्या कोनी रानात यायचं नाय."

सकाळी वहिनीने त्याला भाकरी बांधून दिली. आम्ही बायका शेताच्या कडेला बसलो. तो एकेक गोळा सांभाळून आणायचा, डबक्यात बुडवायचा आणि परत जायचा. ऊन चढलं तेव्हा रानातून आवाज आला. वहिनी उठली आणि पळत सुटली.

जीपमधून शहापूरला नेताना त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हात कुठे आहेत ते मी पाहिलं नाही. तो शुद्धीवर होता.

"एक ऱ्हायला गो," तो म्हणाला. "करवंदीच्या जाळीखाली. तिकडं कोनाला जाऊ देऊ नको."

दवाखाना येण्याआधीच तो गेला.

दादाचे दिवस झाल्यावर ती माणसं आपणहून पोलिसांकडे गेली. बंदुका दिल्या, करवंदीची जाळी दाखवली. तिथला गोळा बाहेरून आलेल्या पथकाने काढला. त्यानंतर आमच्या रानात कोणी गोळा ठेवलेला नाही. बायका बिनघोर मोह वेचतात.

वहिनी माझ्याशी बोलायची थांबली. माळ्यावरही आली नाही. यंदा डुकरांनी तिची नाचणी खाल्ली, तेव्हा ती बांधावर नुसती उभी होती. मी जवळ गेले.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तू दारात आली नसतीस तं तो असता."

मी हो म्हटलं.

ती वाकली आणि उरलेली कणसं खुडू लागली. मीही पलीकडच्या बाजूने खुडायला घेतली.