बिशपचे पंख

रुबिएलाला दवाखान्यातून घरी पाठवलं त्या दिवशी डॉक्टर एवेलिओला बाजूला घेऊन म्हणाला, "आता त्या घरीच बऱ्या राहतील." एवेलिओ भोळा होता, पण खुळा नव्हता. 'बऱ्या होतील' आणि 'बऱ्या राहतील' यातला फरक त्याला कळला. घाटातून जीप वर चढेपर्यंत तो खिडकीबाहेर कॉफीच्या मळ्यांकडे बघत बसला, आणि बहीण मागच्या सीटवर आडवी पडून प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धरत राहिली.

रुबिएला त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा एवेलिओ रांगतही नव्हता. तेव्हापासून याचं हगणंमुतणं, शाळा, चर्चमधलं पहिलं कम्युनियन, सगळं तिनंच केलं. तिला मागणी घालायला आले ते, "आधी या कार्ट्याला नाक पुसायला शिकू दे," हे उत्तर ऐकून परत गेले. कार्टं नाक पुसायला शिकलं तोवर मागणी घालणारे आजोबा झाले होते. मग दोघांनी एकाच घरात, एकमेकांवर खेकसत, अख्खं आयुष्य काढलं. आमच्या गावात नवराबायकोचं भांडण झालं की म्हणतात, "रुबिएला-एवेलिओसारखं भांडा, म्हणजे टिकेल."

एवेलिओचा धंदा फोटोचा. चौकात, चर्चच्या समोर त्याचं दुकान होतं. गावातल्या प्रत्येक ओळखपत्रावरचं घाबरलेलं तोंड त्यानंच काढलेलं. नवऱ्या मुली, रडकी पोरं, पोलीस, एकदा तर खटल्यातला एक बैलसुद्धा त्याच्यापुढे उभा राहिला. सगळ्यांना त्याचं एकच सांगणं, "हलायचं नाही." आणि कोणी हलायचं नाही. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरावाला फोन आला, आणि त्या दुकानात आता फोनची रंगीत कव्हरं विकतात. एवेलिओकडे उरला एक थकलेला डिजिटल कॅमेरा, तीन पायांचा स्टँड आणि स्टुडिओतले तीन फ्लॅश.

रुबिएलाचा जीव मात्र परसात. परस म्हणजे काय, एक पेरूचं झाड, निळ्या हायड्रेंजियाच्या फुलांचे ताटवे आणि तारेवर टांगलेल्या लाल प्लास्टिकच्या फुलांच्या बाटल्या. त्या बाटल्यांतलं गोड पाणी प्यायला अंगठ्याएवढे हमिंगबर्ड यायचे. आमच्याकडे त्यांना फूलचोखे म्हणतात. त्यात एक हिरवा, कानांवर जांभळे पट्टे असलेला. रुबिएलानं त्याचं नाव ठेवलं होतं बिशप. बिशपच्या झग्यासारखा जांभळा रंग तर होताच, शिवाय गुणही तसेच. स्वतः प्यायचा घोटभर आणि दुसऱ्यांना हाकलायचा दिवसभर.

आता तिची खाट आतल्या खोलीत. खोलीला परसाच्या अंगाला एकच उंच झरोका, त्यातून दिसायचा तो पेरूचा शेंडा. तिला खुर्चीत घालून बाहेर न्यायचा प्रयत्न एकदा केला. तिच्या हाडांतच तो रोग होता; ती अशी किंचाळली की शेजारची नुबिया कणकेच्या हातानं धावत आली. परत कोणी ते नाव काढलं नाही.

पहिल्याच सकाळी तिनं फर्मान काढलं.

"एवेलिओ, माझी पाखरं उपाशी मरतील."

"मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच म्हणतेय. नीट ऐक. एक वाटी गोड, चार वाट्या पाणी. उकळायचं, गार करायचं, मग भरायचं. समजलं?"

"एवढं कळतं गं मला."

आता या घरात 'गोड' म्हणजे काय, हे सांगायला नको. आमच्या डोंगरात गोड म्हणजे गूळ. मक्याच्या लापशीवर गोड, कॉफीत गोड, खोकला झाला की गोड, पोळलं तरी वर गोड. एवेलिओनं बाजारातून घाण्यावरचा ताजा, दाणेदार गूळ आणला, विटेएवढी वडी. वरच्या फळीवर डब्यात पांढरी साखर होती, पण ती पाद्रीबुवांच्या आणि पाहुण्यांच्या कॉफीसाठी. पाद्रीबुवा वर्षातून एकदा यायचे, पाहुणे त्याहून कमी. मग तो साखरेचा डबा दर आठवड्याला रिकामा कसा व्हायचा, हा प्रश्न त्याला जन्मात कधी पडला नव्हता.

नुबिया इंजेक्शन द्यायला आली की बाटल्यांकडे बघून हसायची. "काय रे एवेलिओ, पाखरांना कॉफी पाजतोस की काय?"

"गूळ आहे, नुबिया. एक नंबरचा."

"मजा आहे पाखरांची. माझ्या नवऱ्याला तर उसाची चिपाडंसुद्धा मिळत नाहीत."

एका दुपारी इंजेक्शनची गुंगी उतरत असताना रुबिएला म्हणाली, "एक मागू का तुझ्याकडे?"

तिनं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, फक्त हुकूम सोडले होते.

"इतकी वर्षं त्यांना पाजतेय, पण त्यांचे पंख कसे असतात ते मी बघितलेलं नाही. नुसतं धुकं दिसतं अंगाभोवती. तू अख्ख्या गावाला गप्प उभं केलंस. माझ्या बिशपला एकदा उभा कर. मला पंख बघायचेत त्याचे." मग तोंड वाकडं करून, "लवकर कर म्हणजे झालं. तुझी चालढकल मला ठाऊक आहे. पोटात असतानाच पंधरा दिवस उशीर केला होतास."

त्या दिवसापासून एवेलिओचा जीव टांगणीला लागला.

त्यानं एका फळीला हिरवा रंग दिला आणि ती तारेमागे उभी केली. पाखरं इकडे तिकडे पांगू नयेत म्हणून बाकीच्या सगळ्या बाटल्या उतरवून एकच ठेवली. आता सगळ्यांना तिथेच यावं लागणार होतं. दोन्ही बाजूंना फ्लॅश, एक वरून. आणि पहाटेच्या धुक्यात स्टँडमागे बसला.

पाखरू यायचं, हा बटण दाबायचा, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर काय? नुसती बाटली. नाहीतर शेपटीचं टोक. नाहीतर अंग स्पष्ट आणि दोन्ही बाजूंना नुसते पांढरे फराटे. पंख नाहीतच. जन्मभर माणसांना 'हलू नका' म्हणणाऱ्याची आता न हलणं ज्याला ठाऊकच नाही अशाशी गाठ पडली होती. बटणावर बोट नेईपर्यंत बिशप तिघांना हाकलून, पिऊन, पेरूवर जाऊन बसलेला असायचा.

आतून हाक यायची, "मिळाला?"

"मिळेल."

"मी काय इथे आंबा पिकवतेय का रे? मिळेल म्हणे!"

दिवसेंदिवस ती हाक बारीक होत गेली. आधी ती अर्धी भाकरी खायची, मग लापशी, मग गुळाच्या पाण्याचे चार चमचे. नुबिया जाताना दारात थांबून नुसती मान हलवायची. एवेलिओ चर्चमध्ये गेला, गुडघे टेकले आणि म्हणाला, "देवा, ती जाणार हे मी मान्य केलं. मी भांडत नाही. फक्त हा एक फोटो होऊ दे." देवाशी एवढ्या स्वस्तात सौदा कोणी केला नसेल.

त्यात पाखरंही कमी येऊ लागली. बिशपनंच पळवली असतील, असं त्यानं मनाचं समाधान केलं. बिशपसुद्धा हल्ली मवाळ झाला होता, बाटलीसमोर जास्त वेळ थांबायचा. एवेलिओला वाटलं, आपली दया आली त्याला.

शेवटी युक्ती सुचली ती स्वतःवरच चरफडताना. स्टुडिओत तो फ्लॅश पुरा जोर लावून उडवायचा, मोठं कुटुंब उजळायला. पण पुऱ्या जोराचा उजेड जास्त वेळ टिकतो, तेवढ्यात पंख पुढे सरकून जातो. त्यानं तिन्ही फ्लॅश अगदी कमी जोरावर आणले आणि बाटलीच्या वीतभर जवळ ओढले. आता उजेड नुसता चिमटा काढल्यासारखा पडायचा.

त्या सकाळी बिशप आला. प्यायला, मागे सरकला आणि हवेत थांबला. एवेलिओनं दाबलं.

पडद्यावर पंख होते. दोन्ही. एकेक पीस वेगळं, कडेची बारीक दातरीसुद्धा दिसत होती, कानांवरचे जांभळे पट्टे पेटल्यासारखे. एवेलिओ ओरडला. साठी उलटलेला माणूस, पेरूच्या झाडाखाली लहान पोरासारखा ओरडला, "ताई! ताई, मिळाला!" आणि स्टँडसकट कॅमेरा उचलून आत पळाला. दारात स्टँडचा पाय अडकला, तो त्यानं तसाच ओढला.

"चष्मा दे," रुबिएला म्हणाली. तिचा आवाज आता कुजबुजीइतकाच उरला होता. त्यानं चष्मा तिच्या नाकावर ठेवला, पडदा तिच्यासमोर धरला, फोटो मोठा केला.

ती बघत राहिली. तिचा चेहरा मोकळा झाला; दुखणं लागल्यापासून तसा तो झालाच नव्हता. बोट उचलून तिनं पडद्यावर पंखावरून फिरवलं.

"असे असतात होय," ती म्हणाली. "किती साधे आहेत रे. कोंबडीच्या पिलासारखे."

एवेलिओला रडू यायला लागलं.

मग तिचं बोट थांबलं.

"जीभ का बाहेर आहे त्याची?"

"पितोय ना! जीभसुद्धा आली, काय समजलीस तू मला!"

"पीत नाहीये तो. पिऊन मागे सरकलाय. प्यायल्यावर आत घेतात ते जीभ." तिनं चष्मा दाबून धरला. "मोठी कर."

त्यानं मोठी केली. चोचीच्या टोकातून जीभ लोंबत होती. नुसत्या डोळ्याला ती कधी दिसली नसती. धाग्याएवढी असायची ती, इथे सुजून दोरीएवढी झाली होती, टोकाला पांढरट.

"पाण्यात काय घालतोस?"

"तू सांगितलंस तेच. गोड."

"कुठलं गोड?"

"कुठलं म्हणजे? गोड. गूळ. चांगला, घाण्यावरचा."

रुबिएलानं डोळे मिटले. एवेलिओला एकेक करत सगळं कळत गेलं. रिकामा होणारा साखरेचा डबा, कमी झालेली पाखरं, आणि सगळ्यांना आपण प्यायला लावलेली ती एकच बाटली.

"साखर रे," ती म्हणाली. "पांढरी साखर. गुळानं त्यांच्या जिभा सडतात. आईनं सांगितलं होतं मला. तू पाळण्यात होतास."

"मला काय माहीत ताई, मला वाटलं..."

"तुझी चूक नाही. माझंच तोंड जळलं. गोड म्हणाले मी."

"नाही, मी विचारायला हवं होतं."

"मी गोड म्हणाले," ती पुन्हा म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं. फोटो तिनं परत बघितला नाही. ज्या फोटोसाठी त्यानं देवापुढे हात पसरला होता, तोच आता तिच्या उशाशी नको झाला होता. एवेलिओनं कॅमेरा बंद केला. त्याला तो दगडावर आपटावासा वाटला.

त्यानं सगळ्या बाटल्या उतरवल्या, उकळत्या पाण्यानं आणि व्हिनेगरनं घासल्या, इतक्या घासल्या की लाल फुलांचा रंग पुसट झाला. पांढऱ्या साखरेचं पाणी केलं, स्वच्छ, नितळ, आणि प्रत्येक बाटली तिच्या जुन्या जागी टांगली. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पेरूवर, तारेवर, फुलांवर, कुठे काही हललं नाही. परस एवढा गप्प त्यानं कधी ऐकला नव्हता.

बिशप त्याला हायड्रेंजियाच्या बुडाशी सापडला. जिवंत होता. एवेलिओनं त्याला तळहातावर घेतलं, काडीनं साखरेचा थेंब चोचीला लावला. चोच उघडली, पण जीभ काही आत जाईना. पंख, ज्यांच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, ते आता पसरून पडले होते, कोणालाही सावकाश बघता आले असते. थोड्या वेळानं तो हातात नुसताच राहिला. एवेलिओनं त्याला फिल्मच्या रिकाम्या डबीत घातलं आणि झाडाखाली पुरलं. तो मावला, जागाही उरली.

आत गेला तेव्हा रुबिएला जागी होती. नुबिया सकाळीच सांगून गेली होती, आता पाद्रीबुवांना बोलवा.

"आले का रे?" तिनं विचारलं.

एवेलिओला कधी खोटं बोलता आलं नाही. लहानपणी दूध सांडलं तरी मांजराचं नाव घेताना त्याचे कान लाल व्हायचे. पण खोलीत अंधारच होता.

"आले, ताई."

"मग इथे काय करतोस? जा. फोटो काढ."

तो परसात गेला. स्टँड उभा केला. पाखरू नसलेल्या बाटलीवर रोखला आणि बटण दाबलं. फ्लॅशचा चिमटा हिरव्या फळीवर पडला, विझला. झरोका उघडा होता, बटणाचा आवाज आत जात होता.

"कोण आलंय?" आतून आवाज आला, इतका बारीक की त्याला कान भिंतीला लावावा लागला.

"बिशप."



"जीभ आत आहे का त्याची?"

एवेलिओनं बाटलीकडे पाहिलं. साखरेच्या पाण्यात आभाळ दिसत होतं.

"आत आहे."

"नीट बघ."

त्यानं परत दाबलं.

"आत आहे, ताई. अगदी आत."

"मग बरं," ती म्हणाली.

तो दाबत राहिला.