सात मात्रांचा हट्ट

कुठलंही गाणं द्या, त्याला तालात बसवून दाखवतो, हा माझा जुना माज. पुण्यात बारा वर्षं तबला शिकलो, मग ड्रम्सवर हात बसवला. सिंगापूरला आयटीत नोकरी लागल्यावर दर रविवारी बँडमध्ये दोन्ही बडवू लागलो. गिटारवाला आणि सॅक्सोफोनवाला इथलेच. व्हायोलिनवाली हंगेरीची, इथल्या विद्यापीठात संशोधन करणारी. तिच्याकडची लोकगीतं घ्यायची आणि जॅझ-रॉकमध्ये त्यांची मनसोक्त मोडतोड करायची, हा आमचा उद्योग. ऐकायला फारसं कुणी नसायचं, पण आम्ही स्वतःवर बेहद्द खूश होतो.

तिच्या वडिलांनी तिला लहानपणी शिकवलेलं एक संथ गाणं होतं, सैन्यात निघालेल्या मुलाचं. मी त्याला सात मात्रांत चपखल बसवलं आणि शेवटी ड्रम्सचा धुमाकूळ ठेवला. तेवढ्यात तिकडून कळलं, वडिलांच्या घशाचं ऑपरेशन ठरलंय. नंतर आवाज राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते. त्याआधी हे गाणं त्यांच्याच आवाजात, आमच्या साथीनं रेकॉर्ड करायचं तिनं ठरवलं.

रविवारी दुपारी चारला, तिकडे सकाळ असताना, स्टुडिओतल्या लॅपटॉपवर ते दिसले. इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. आम्ही सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला सगळं विस्कटलं. आमचा ठेका त्यांच्याकडे उशिरा पोचायचा, त्यांचा सूर आमच्याकडे आणखी उशिरा. तीनदा तेच. शेवटी मी लॅपटॉपसमोर बसून त्यांना टाळ्या वाजवून मात्रा मोजायला शिकवू लागलो. मुलगी भाषांतर करत होती. सत्तरी ओलांडलेला तो माणूस बोटांवर मोजत गाऊ लागला आणि अर्ध्यात थांबून काहीतरी पुटपुटला.

"बाबा म्हणतात, हे गाणं मला येत नाही," ती म्हणाली.

मला शरमेनं मान वर करवेना.

"बॉस, तू मोजणं थांबव लाह," सॅक्सोफोनवाला इथल्या सवयीनं वाक्याला 'लाह' चिकटवत म्हणाला. "अंकल गातील, आपण ऐकू."

आलाप चालू असताना तबलजीनं हात मांडीवर ठेवून बसायचं असतं, हे मी दहाव्या वर्षी शिकलो होतो. अक्कल अशी उशिरा आली, पण आली. मी काठ्या खाली ठेवल्या. तिला म्हटलं, "तू एकच सूर लांबवत राहा. ते गायचे थांबले की सॅक्सोफोन उत्तर देईल. कुणी कुणाला गाठायचं नाही."

ते डोळे मिटून गायले. एक कडवं, मग दुसरं. इंटरनेट तेवढंच रखडत होतं, पण आता कुणाचं काही चुकतच नव्हतं. सहावं कडवं संपलं. इथून माझा धुमाकूळ सुरू व्हायचा होता, दोन महिने घासलेला. गिटारवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं आणि व्हायोलिनचा सूर आपोआप विरेपर्यंत गप्प बसलो.

ऑपरेशन नीट झालं, आवाज मात्र गेला. पुढे तिनं मला सांगितलं, ते रोज सकाळी दाढी करताना ते रेकॉर्डिंग लावतात आणि आरशासमोर सहाही कडव्यांना ओठ हलवतात. कधी एखादी ओळ आधी, कधी मागाहून.