तिसरा सिलिंडर

काल शीळफाट्याच्या पंपावर पेट्रोलचा वास आला आणि बाबांचं ठाकुर्लीचं गॅरेज आठवलं. एकदा तिथे एका गृहस्थांची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार आली; ती चालता चालता अडखळत होती. एरवी बाबा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून, मुठीला कान लावून बिघाड ओळखायचे. त्या दिवशी त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"तू ऐक गं. कुठला सिलिंडर?"

मी चारही ऐकले. "तिसरा, बाबा."

त्यांनी त्याचा प्लग बदलला. मालक त्यांचं कौतुक करू लागले, तेव्हा ते म्हणाले, "हिने ओळखलं."

मी घरी केवढी मिरवले! बाबांना नीट ऐकू येत नाही, हे आम्हाला वर्षभराने कळलं. गाडी सुरू झाल्यावर ते माझ्या चेहऱ्याकडे का बघत राहिले, ते आता कळतं.