चार संगणकांच्या कुसुममावशी

कुसुममावशींच्या बाहेरच्या खोलीत संगणकासमोर बसायचं, तर आधी वायर चालावी लागे. संगणकाच्या पाठीमागून निघालेली वायर दोन बोटांत धरायची, भिंतीच्या कडेने, टेबलाखालून सरकत जायचं आणि कोपऱ्यातल्या आठ भोकांच्या डबीपर्यंत पोचायचं. मग बसायचं. एखादी नवी मुलगी हसली, की मावशी म्हणत, "हस गं बाई. पन जिचं दुसरं टोक ठाव न्हाई, त्या वायरीला हात लावू नये."

शहरातल्या सावेडी भागातल्या त्या दोन खोल्यांत इंटरनेटचं कनेक्शन एकच होतं. ती डबी म्हणजे स्विच. तिच्यातून ते चार जुन्या संगणकांना वाटलं जाई. मावशी मूळच्या पाथर्डीकडच्या. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात तारा जोडण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारात निघालेले संगणक आणले, वायरी स्वतः कापल्या, टोकांवर प्लग स्वतः दाबून बसवले आणि वसतिगृहात राहणाऱ्या गावाकडच्या मुलींना दार उघडं केलं. मी एकदा विचारलं, "मावशी, वायफाय का नाही लावत?"

"ह्या म्हाताऱ्या मशिनींना हवेतलं धरता येत न्हाई. अन् वायरीसाठी पोरगी घरात येऊन बसती. जेवली का न्हाई, ते तोंडावर दिसतं."

मी वाढले ती पत्रकांच्या गठ्ठ्यांत. वडील चळवळीतले, आणि शाळेच्या पुस्तकांआधी मी पत्रकंच वाचली. मावशींकडे मी माझी पत्रकं टाईप करायला जात असे. 'शिक्षण हा उपकार नाही, हक्क आहे,' असं काहीबाही तावातावाने वाचून दाखवी. मावशी शेवटपर्यंत ऐकून घेत. मग म्हणत, "लई भारी लिवलंयस. आता ऊठ. त्या पोरीचा हक्क अर्ध्या तासापास्नं उभा हाय."

ती पोरगी बहुतेक वेळा रेणुका असे. तिचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. ती वसतिगृहात राहून बारावी झाली होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. मावशी तिला आधीपासूनच 'नर्सबाई' म्हणत आणि नाडी बघायला आपलं मनगट पुढे करून म्हणत, "बघा वो नर्सबाई, किती दिवसांची सोबती हाय मी."

प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस होता. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. रेणुकाचा एक दाखला आदल्याच दिवशी हातात आला होता. ती दुपारी येणार होती. सकाळी मी मावशींकडे फीवाढीविरुद्धचं पत्रक छापून घेतलं. निघताना टेबलाखाली एक मोकळं टोक लोंबताना दिसलं. एक संगणक दुरुस्तीला गेला होता, त्याची ती वायर. पायात येईल म्हणून मी ते टोक डबीच्या रिकाम्या भोकात खोचलं. वायर चालून पाहिली नाही. तिचं दुसरं टोक आधीपासून त्याच डबीत होतं. असं झालं, की माहिती आतल्या आत गोल फिरत राहते आणि सगळेच संगणक ठप्प होतात. हे मला माहीत नव्हतं. मी कलेक्टर कचेरीवरच्या मोर्चाला गेले.

सहा वाजता बसलेला घसा घेऊन परत आले, तर मावशी बॅटरी घेऊन टेबलाखाली बसलेल्या. दुपारी रेणुका आली, तेव्हा नेट बंद निघालं होतं. आपल्या वायरीत दोष नसतो, यावर त्यांचा भारी विश्वास. म्हणून त्या दोन तास फोनवर कंपनीशी भांडल्या. रेणुका शेवटी कागद पेनड्राइव्हवर घेऊन नेटच्या दुकानात पळाली होती. मावशींनी ते टोक वर धरलं. "हे कुनी खोचलं गं?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात दारात रेणुका आली. "झालं, मावशी. लाईनीत नंबर येईस्तोवर पाच वाजले. साईट बंद."

मावशींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग तिला म्हणाल्या, "माझ्या हातून झालं, पोरी. वायर चुकीची खोचली मी."

"दुपारपास्नं कंपनीला शिव्या देत बसला! आधी खाली वाकून बघायचं हुतं ना! माझं वरीस गेलं, मावशी!" रेणुका गेली, ती त्या घरात परत आली नाही.

"मावशी, ते मी..." मी सुरुवात केली.

"ऱ्हाऊ दे. कंपनीशी भांडत बसले, ती मीच ना? राग करायला म्हातारी बरी. तुमी दोघी तरन्या, तुमचं बोलनं टिकलं पायजे."

हे ऐकून मला हलकं वाटलं. मोर्चात सरकारच्या खोटेपणावर बोलून आलेल्या मला हलकं वाटलं. त्याची लाज आजही जात नाही.

रेणुका त्या वर्षी आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर गेली. मावशी तिला फोन करत. तो वाजून वाजून बंद होई. "रेंज नसंल," असं म्हणून त्या मोबाईल खाली ठेवत. मी शेजारी बसून टाईप करत असे. रोज वाटे, आज रेणुकाला कळवू. माघात मावशींना ताप आला. चार दिवस दवाखान्यात होत्या, आणि गेल्या.

चैत्रात फड संपल्यावर रेणुका आली. बंद घराच्या पायरीवर आम्ही बसलो. तिच्या हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते.

"मी त्यांना लई बोलले, ताई. माफी मागायची ऱ्हाली."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. वायर कुणी खोचली, मावशी काय म्हणाल्या, मी का गप्प राहिले. मी रडत होते. ती रडत नव्हती.

"त्या जित्या हुत्या तवा का न्हाई सांगितलं?"

ती थांबली. खरंच उत्तराची वाट पाहत होती.

"अकरा फोन आल्ते त्यांचे," उठता उठता ती म्हणाली. "नाव बघायचे अन् वाजू द्यायचे. तुमी बोलला असता, तर एक तरी उचलला असता मी."