आरतीत राहून गेलेला पत्रा

मैत्रिणींनो, आज भर दुपारी पांढरकवड्याच्या रस्त्यावर आमची जुनी अॅम्बेसेडर बंद पडली. आत आठव्या महिन्यातली सूनबाई. तिला डॉक्टरकडे नेत होतो.

कालच बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नवीन बसवला होता. सायलेन्सरच्या पाइपाची झळ त्याला लागू नये म्हणून मधात एक पत्रा असतो. मिस्त्रीने तो काढून ठेवला, आणि आमच्या ह्यांनी गाडीची पूजा करताना त्यावरच कापूर पेटवला.

मी म्हटलं, "अहो, हा पत्रा आतला आहे."

"आरती चालू आहे. मधात कायले बोलतेस?"

आरती झाली, बॉनेट लागलं, पत्रा अंगणातच राहिला. आज अल्टरनेटर तापून जळाला. कापूस नेणाऱ्या मेटॅडोरवाल्याला हात जोडले, तेव्हा त्याने आम्हाला पोहोचवलं. सून ठीक आहे.

घरी आल्यावर हे म्हणतात, "देवाची मर्जी, आपण काय करणार?"

माझा संताप अजून उतरला नाही. पूजा मीही रोज करते, पण पत्रा काही देवानं काढला नव्हता. तो काळा पडलेला पत्रा ह्यांच्या हातात दिला. म्हटलं, आधी हा लावून आणा, मग देवाचं नाव घ्या.

तुमच्या घरीही आपल्या चुका देवावर ढकलतात का?