पाईप थोरल्यांच्या अंगणातून

आमच्या गावात पाण्यावरून भांडणं व्हायची, पण त्यासाठी आधी पाणी असावं लागतं. त्या दुष्काळात ते नव्हतंच, म्हणून माणसं मतांवरून भांडली. आमचे हे आणि माझे थोरले दीर, एकाच घराची मधे भिंत घालून झालेली दोन घरं, आणि दोघं सख्खे भाऊ गावच्या दूध सोसायटीच्या निवडणुकीत एकमेकांसमोर उभे. एकाची निशाणी कपबशी, दुसऱ्याची छत्री. दोघंही आपटले. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, पण तिसऱ्याच्या हाती तरी काय लागलं? जनावरं चारा छावणीला गेलेली आणि दुधाचे कॅन कोरडे. भावाभावांचं बोलणं मात्र तेव्हापासून बंद.

सासूबाई आमच्याकडे असायच्या. त्यांनी लेकांना शपथा घातल्या, दिवाळीला शेजारी शेजारी जेवायला बसवलं, लिंबागणेशला नेऊन गणपतीपुढं उभं केलं. दोघंही गणपतीशी बोलून परत आले. "मला खांदा देताना तरी बोलताल का रं एकमेकाला?" असं त्या म्हणायच्या, आणि मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

अशात त्या परसातल्या न्हाणीत घसरल्या. हाड वाचलं, गुडघा गेला. त्यांच्या खोलीला लागूनच बाथरूम काढायचं ठरलं. भिंती झाल्या, फरशी बसली आणि मग मिस्त्रीनं विचारलं, "पानी काढायचं कुठं?"

खरंच की! घराची जुनी नाली एकच, आणि वाटणीत ती गेली होती थोरल्यांच्या अंगणात. नवा पाईप तिलाच जोडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

ह्यांनी भावाला तोंडानं विचारलं असतं तर ह्यांचं नाक कापलं गेलं असतं म्हणे. पुरुषांची नाकं फार नाजूक. आम्हा जावांचं मात्र भिंतीवरून सगळं चालू होतं, कालवणाच्या वाटीपासून गावच्या चुगल्यांपर्यंत. मी जाऊबाईंना विचारलं, त्यांनी दिरांना विचारलं, आणि भाकरी थापून व्हायच्या आत निरोप आला, "जोडू दे म्हनावं. पानी आईचं हाय."

काम निघालं आणि मिस्त्रीचा पोस्टमन झाला. हे आपल्या परसात, दीर आपल्या अंगणात, मधल्या भिंतीला पाडलेलं भोक आणि भोकापाशी उकिडवा बसलेला मिस्त्री.

"त्यांना सांगा, पाईपाला उतार कमी पडतोय."

"त्यांना म्हनावं, आमाला बी डोळे हायेत."

मिस्त्री वैतागला. "दोघांलाबी ऐकू येतंय की, मंग मी कशापायी बोंबलू?"

पाईप नालीपर्यंत पोचला, पण नाली मोकळी आहे की तुंबलेली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाणी वाहिलं तर कळणार! आम्ही सगळे घमेल्यात बसून अंघोळ करायचो आणि त्याच पाण्यात कपडे भिजवायचो. जोडाला सिमेंट लावण्याआधी दोन बादल्या ओतून बघू, असं मिस्त्री म्हणाला, तशा सासूबाई कडाडल्या, "टँकरचं पानी नालीत ओतायला मी काय माजलगावच्या धरनावर ऱ्हाते व्हय?" मग स्वतःच तोडगा काढला. "मी अंघूळ करते. तेच पानी बघा."

त्या आत स्टुलावर बसल्या, मी दाराशी. हे बाहेर पाईपाच्या तोंडाशी. पलीकडे नालीच्या चेंबरवर दीर. मिस्त्री मधे, कच्चा जोड दोन्ही हातांनी आवळून धरलेला आणि तोंडात तंबाखूचा तोबरा. आता निरोप्याला ना हात रिकामे, ना तोंड.

आत तांब्या वाजला. पाणी पाईपात शिरल्याचं ह्यांनी पाहिलं आणि मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीनं नुसत्या भुवया उडवल्या. भिंतीपलीकडे काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. ह्यांनी घसा खाकरला, पुन्हा खाकरला, आणि शेवटी ओरडले, "आलं का?"

मग हे भिंतीच्या भोकाजवळ सरकले.

"आलं का, दादा?"

"न्हाई आजून." मग जरा थांबून, "थांब, थांब. आलं! लई जोरात आलं, बारक्या!"

"तुंबलं तर न्हाई ना?"

"न्हाई रं, सरळ चाललंय. जोड गळतोय का तिकडं?"

"थेंब न्हाई, दादा!"

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. तेवढ्यात आतलं पाणी थांबलं. मी दार लोटून पाहिलं. सासूबाईंची अंघोळ उरकली होती. अंगाला कोरडं लुगडं गुंडाळून त्या स्टुलावर बसल्या होत्या. बादली पालथी, कान खिडकीकडे.

"थांबलं का रं पानी?" बाहेर दीर विचारत होते.

"बघतो, दादा, इचारतो आईला."

सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाल्या, "आजून एक बादली आन. मी दमादमानं ओतते."

टँकरचा अजून पत्ता नव्हता. घरात प्यायच्या पाण्याचा एक हंडा तेवढा उरला होता. मी तोच उचलून आत नेला.